गाल टेकायची जागा

शालनच्या गालाला रायफलचा दस्ता लागेनासा झाला, त्याला कारण तिचं पोट होतं.

पोट वाढलं तशी ती मागे रेलून उभी राहू लागली होती. मागे रेललं की मान मागे जाते, आणि मान मागे गेली की गाल लाकडापासून सुटतो. बोटभर फट पडायची. ती फट भरायला शालन मान वाकवायची, गाल दाबायची आणि पहिल्या वीस-पंचवीस गोळ्या कशाबशा दहाच्या ठिपक्यात बसवायची. पुढे मानेचा पिळा डोळ्यापर्यंत चढायचा आणि दहा मीटरवरचा तो टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तिला दोन दोन दिसायला लागायचा.

"मान वाकवतीस," मागून दयानंद अण्णा म्हणायचे.

"वाकवली नाही तर गाल लागत नाही, अण्णा."

"गाल लागत नाही म्हणजे तू चुकीची उभी हैस. लाकूड तेच हाय की."

लाकूड तेच होतं, हे खरं. अक्रोडाचा तो दस्ता अण्णांनी स्वतः घासून तिला बसवला होता. शालन तेव्हा नुकतीच निपाणीहून बेंगळुरूला शिकायला आली होती. अण्णा मूळचे खानापूरचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर राजाजीनगरात एका हॉलवर सहा लेनची रेंज काढून बसलेले. एका उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ते तिला रायफल खांद्याला लावायला सांगायचे, गाल कुठे टेकतो तिथे पेन्सिलीची खूण करायचे, कानस मारायचे, पुन्हा लावायला सांगायचे. असं करत करत लाकूड तिच्या चेहऱ्याचं होऊन गेलं. त्या दस्त्यावर ती दोनदा राज्यात पहिली आली, एकदा राष्ट्रीय स्पर्धेत आठवी. पुढे शाळेत गणिताची नोकरी लागली, लग्न झालं, सर्जापूर रोडला घर झालं, तरी आठवड्यातून चार दिवस अर्धं शहर ओलांडून ती राजाजीनगरला येत राहिली.

आता सहावा महिना होता आणि राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती. पहिले तीन राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होते. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, पण अटी घालून. शिशाचे छर्रे बंद, टिनचे वापरायचे. मध्ये मध्ये बसायचं. जरा काही वेगळं वाटलं की थांबायचं.

वेगळं वाटणं म्हणजे काय, हे शालनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात पोटातलं हलणं थांबलं होतं, आणि ते कधी थांबलं हे तिला सांगता आलं नव्हतं. "शेवटचं कधी हललं?" असं हॉस्पिटलमध्ये विचारलं होतं. त्या दिवशी ती सकाळपासून रेंजवर होती. याचा नेमबाजीशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. तिलाही ते पटलं होतं. तरीही या खेपेला ती दिवसभर मनातल्या मनात हिशेब ठेवायची. मगाशी हललं. जेवल्यावर हललं. आता पुन्हा.

*

नवा दस्ता राजसनं आणला. राजस तिचा नवरा, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. नेमबाजीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. खरं तर तिनं या वर्षी खेळूच नये असं त्याला वाटत होतं. पण तसं एकदा बोलून झालं होतं आणि त्यावर तिनं जे तोंड फिरवलं ते दोन दिवस फिरवलेलंच होतं. मग त्यानं मानेला तेल चोळायचं काम अंगावर घेतलं, आणि एका संध्याकाळी लांबुळकी पेटी घेऊन घरी आला.

"ऑफिसमधल्या एकाकडे पडून होता. तो आधी शूटिंग करायचा. तुझ्याच रायफलच्या कंपनीचा आहे, बॅरल त्यात फिट होतं म्हणाला."

पेटीत ॲल्युमिनियमचा दस्ता होता. करडा, सांगाड्यासारखा. गाल टेकायची पट्टी वर-खाली, आत-बाहेर होणारी. खांद्याला लागणारा भाग वर-खाली सरकणारा. हाताची मूठसुद्धा फिरणारी. सगळीकडे बारीक रेघा आणि आकडे, आणि हे सगळं सैल-घट्ट करायला एक छोटीशी ॲलन की.

"दर आठवड्याला तुझी बॉडी बदलतीये," राजस म्हणाला. "मग दर आठवड्याला हे पण बदल. सिंपल आहे."

"सिंपल असतं तर अण्णांनीच सांगितलं असतं."

पण तिनं तो खांद्याला लावला, पट्टी चार रेघा वर घेतली आणि डोळे मिटून गाल टेकला. डोळे उघडले तेव्हा ठिपका समोर उभा होता. मान सरळ होती. कितीतरी दिवसांनी तिची मान सरळ होती.

अण्णांनी तो दस्ता हातातही घेतला नाही.

"याला किती स्क्रू हैत?"

"मोजले नाहीत."

"मोज. जेवढे स्क्रू तेवढ्या जागा सैल व्हायच्या. मी डोळ्यांनी बघितलंय, भर सामन्यात पट्टी सरकली आणि चांगला पोरगा आठावर गेला. आणि त्यापेक्षा वाईट काय सांगू? हातात चावी असली की माणूस चुकीचं खापर स्वतःवर फोडत नाही. नऊ गेला, फिरव स्क्रू. परत नऊ, परत फिरव. लाकूड तसं करू देत नाही. लाकूड म्हणतं, मी हाय तिथंच हाय, तू ये."

"मी येते हो अण्णा, पण माझ्या मधे पोट येतंय."

अण्णा हसले नाहीत. "महिन्याभरात नवी बंदूक अंगवळणी पडत नाही. शालन, हे तुला मी सांगायला पाहिजे व्हय?"

त्यांचं म्हणणं तिला खोटं वाटत नव्हतं, तीच पंचाईत होती. ती एक दिवस लाकडावर सराव करायची, एक दिवस धातूवर. लाकडावर सुरुवात झकास व्हायची आणि शेवट वाहून जायचा. धातूवर सुरुवातीला रायफल परक्याची वाटायची, पण शेवटची गोळी पहिलीसारखीच सुटायची. आठवडाभरानं पोट पुढे सरकलं की तीही घडी मोडायची. मग पुन्हा रेघा, पुन्हा चावी.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साहित्य तपासणी होती. जी रायफल दाखवाल तिच्यावर स्टिकर, आणि रविवारी तीच वापरायची. येलहंकाच्या पुढे एका खाजगी रेंजवर तपासणीची रांग लागली होती. पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडी ठेवून शालन उभी होती. एका बाजूला अक्रोडाचा दस्ता, दुसऱ्या बाजूला करडा सांगाडा, मधे बॅरल.

"लाकूड," अण्णा म्हणाले. "पहिल्या चाळीस गोळ्यांत एवढं कमव की पुढं वीस सांडल्या तरी चालतील."

"आणि चाळीसच्या आधीच मान गेली तर?"

"नाही जाणार."

"तुम्हाला कसं माहीत, अण्णा? मान माझी आहे."

हे जरा जोरातच झालं. रांगेतली दोन-तीन डोकी वळली. शालननं बॅरल उचललं, करड्या सांगाड्यात बसवलं आणि स्क्रू आवळायला घेतले. डिकीतला लाकडी दस्ता उचलून अण्णांनी त्याच्या कापडी पिशवीत सरकवला, पिशवी काखेत मारली आणि बस स्टॉपकडे चालू लागले. "अण्णा, मी सोडतो ना," राजस मागून म्हणाला. त्यांनी मागे न बघता हात हलवला.

*

रविवारी सकाळी ते आले होते. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बसले होते. शालननं मान हलवली, त्यांनी हलवली नाही. राजस आत आलाच नाही. "मी समोर बसलो तर तुला माझंच टेन्शन येईल," म्हणून तो गाडीत थांबला होता.

साठ गोळ्या, सव्वा तास. उसनं आणलेलं मोठ्या मापाचं कॅनव्हासचं जाकीट तिनं वरून आवळलं, खाली सैल सोडलं. सुरुवात झाली. पहिली गोळी दहा पूर्णांक दोन. दुसरी दहा पूर्णांक चार. परकी रायफल आज परकी वाटत नव्हती. गाल पट्टीवर जायचा, ठिपका यायचा, श्वास अर्धा सुटायचा, बोट आपसूक मिटायचं. पंधरा गोळ्या झाल्या, वीस झाल्या. लेनवरच्या छोट्या पडद्यावर नऊचा आकडा एकदाच आला होता.

पंचविसाच्या पुढे तर काही विचारायलाच नको. शरीर असं स्थिर झालं की आपण उभ्या आहोत हेही तिला जाणवेना. दहा पूर्णांक सहा. दहा पूर्णांक पाच. इतकं निश्चल तिला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

आणि मग तिच्या मनात आलं, इतकं निश्चल का?

शेवटचं कधी हललं?

गाडीत, हेब्बाळच्या पुलावर. ते नक्की. त्यानंतर? जाकीट घालताना? आठवेना. सरावाच्या गोळ्यांच्या वेळी? आठवेना. तिनं पुढची गोळी भरली. रायफल उचलली. झोपलं असेल. दिवसातून कितीदा तरी झोपतं. दहा पूर्णांक सात, या महिन्यातला सगळ्यात चांगला नेम. पुढची गोळी दहा पूर्णांक सहा. कणभरही हालचाल नाही. हात हलत नव्हता, खांदा हलत नव्हता, आत काही हलत नव्हतं.

तिनं रायफल खाली घेतली. जाकिटाच्या खालून पोटावर तळवा ठेवला, थोडं दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं. डावी-उजवीकडे फट फट गोळ्या सुटत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात वेळ उतरत होता. चौतीस झाल्या होत्या, सव्वीस उरल्या होत्या, आणि या क्षणी ती दुसऱ्या क्रमांकावर होती.

शालननं रायफलीच्या नळीत सुरक्षेची नारिंगी दोरी घातली, रायफल टेबलावर ठेवली आणि हात वर केला. रेंज अधिकारी बाई जवळ आल्या. "मला मागे जायचंय," ती म्हणाली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच बाजूला झाल्या.

अण्णा उठून उभेच होते.

"काय झालं?"

"हलत नाहीये, अण्णा."

"स्क्रू का? कुठला, पट्टीचा? मी तुला म्हटलं होतं..."

"बाळ, अण्णा. बाळ हलत नाहीये."

अण्णांनी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, जाकिटाचे बंद भराभर सोडले, समोर दुसरी खुर्ची ओढून तिचे पाय वर घेतले. "डाव्या अंगावर रेल. हां. नीरु कोडी," ते दारातल्या स्वयंसेवकाला ओरडले, "थंड पाणी दे रे!" खिशातून त्यांनी शेंगदाण्याच्या चिक्कीचं पुडकं काढलं आणि दातानं फोडलं. "खा. गोड गेलं की उठतं. माझी बायको तिन्ही वेळेला हेच करायची."

ती चावू लागली. चावताना तिला रडू फुटत होतं, ते ती गिळत होती.

"राजसला बोलवू?"

"थांबा. थोडं थांबा."

"दवाखाना हितनं लांब नाही. तू म्हण, आत्ता निघू."

"वेळ किती उरलाय?"

"वेळ जाऊ दे मसणात," अण्णा म्हणाले. "पाणी पी."

ती पाणी प्यायली. थंड पाणी छातीतून खाली उतरताना जाणवलं. तिनं डोळे मिटले, दोन्ही तळवे पोटावर ठेवले. सगळं आयुष्य ती शरीराला सांगत आली होती, हलू नकोस. श्वासाला सांगितलं, नाडीच्या ठोक्याला सांगितलं, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोट मिटायला शिकली. आता ती उलटं मागत होती. हल. एकदा हल. फट, फट, गोळ्या सुटत होत्या. अण्णांच्या घड्याळाची टिकटिक कानाशी ऐकू येत होती, म्हणजे ते किती जवळ वाकले होते.

"अण्णा, बोलवा राजसला," ती म्हणाली.

अण्णांनी फोन काढला. चष्मा कपाळावर होता, तो डोळ्यांवर घेतला, नंबर शोधायला लागले. आणि त्याच वेळी आत काहीतरी वळलं. लाथ नव्हती ती. पांघरुणाखाली कुणीतरी सावकाश कूस बदलावी तसं, उजवीकडून डावीकडे, पोटाचा सगळा आकार बदलत गेलं आणि डाव्या बरगडीखाली येऊन थांबलं. मग तिथून एक लाथ. मग दुसरी.

शालनच्या तोंडून आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा, तिला कळलं नाही.

"आलं?"

"आलं. अण्णा, आलं."

अण्णा मटकन शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी रुमालानं चेहरा पुसला, मान पुसली, पुन्हा चेहरा पुसला. "सरी," ते स्वतःशीच म्हणाले. "सरी, सरी. बरं झालं." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "घरी जायचं का?"

तिनं पोटावर हात ठेवून थोडं थांबून बघितलं. तिसरी लाथ आली.

"नाही," ती म्हणाली. "बंद बांधा."

*

लेनवर परत आली तेव्हा वेळ निम्म्याहूनही कमी राहिला होता आणि बाळ डाव्या बरगडीखाली ठाण मांडून होतं. डावं कोपर कमरेवर जिथे टेकायचं, तिथे आता त्याचं काहीतरी होतं, टाच की डोकं कोण जाणे. कोपर पुढे सरकलं, खांदा उतरला आणि गाल पुन्हा हवेत राहिला. तिनं मान वाकवून पट्टी गाठली. नऊ पूर्णांक तीन. पुन्हा गाठली. नऊ पूर्णांक एक.

दुसरा नंबर केव्हाच गेला होता. पडद्यावर ती पाचवी दिसत होती.

जाकिटाच्या खिशात चावी होती. भर सामन्यात कुणी दस्त्याला हात लावत नाही. अण्णा तर नाहीच, पण दुसराही कुणी प्रशिक्षक तसं सांगणार नाही. एक रेघ हलली की नेमाचं सगळं गणित हलतं, आणि ते पुन्हा मांडायला वेळ कुठे होता? दुसरा रस्ता ओळखीचा होता. मान वाकवायची, दात आवळायचे, चोवीस गोळ्या कशाबशा काढायच्या.

तिनं चावी काढली. जाड हातमोज्यातून ती निसटली आणि टेबलाखाली पडली. शालन वाकायला गेली आणि अर्ध्यात अडकली. जाकीट वाकू देईना, पोट वाकू देईना. वेळ उतरत होता. तिनं पुन्हा हात वर केला. त्याच बाई आल्या, त्यांनी चटकन वाकून चावी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

पट्टी दोन रेघा वर. खांद्याचा भाग एक रेघ खाली. तिनं स्क्रू दोनदा आवळून पाहिले. रायफल खांद्याला लावली, गाल टेकला. मान सरळ. गोळी सुटली, नऊ पूर्णांक सात, डावीकडे. पण डावीकडेच, भलतीकडे नाही. तिनं नळीवरची मागची नजरखूण, जिच्यातून ठिपका बघायचा ती, दोन टिचक्यांनी फिरवली. दहा पूर्णांक एक. आणखी एक टिचकी. दहा पूर्णांक पाच.

त्यानंतर तिनं मागे पाहिलं नाही, पडद्याकडेही धड पाहिलं नाही. भरायची, उचलायची, टेकायची, सोडायची. आत अधूनमधून ढुशी बसायची, तेव्हा रायफल खाली घ्यायची, ती ढुशी संपू द्यायची आणि पुन्हा उचलायची. असे थांबे चार-पाच तरी झाले. शेवटच्या दोन गोळ्यांना वेळच उरला नाही. त्या तिनं घाईनं सोडल्या आणि त्या नवात गेल्या. लगेच घंटा झाली.

ती चौथी आली. तिसऱ्या क्रमांकापासून अर्ध्या गुणाच्या आत. म्हणजे राखीव, तिघांपैकी कुणी आजारी पडलं तरच जायचं.

राजस धावत आत आला; घंटा होताच अण्णांनी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. "मला का नाही बोलावलंस?" एवढंच तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता तिच्या पायातले ताठ बूट सोडवायला खाली बसला. तिथून आधी दवाखाना झाला. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले, घोड्याच्या टापांसारखे धावणारे. त्या वेळी मात्र शालन मोकळी रडली.

*

भूक लागल्याचं तिच्या लक्षात आलं ते दवाखान्याच्या बाहेर पडल्यावर. कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उभ्यानं खायच्या हॉटेलात, तिघं उंच टेबलाशी उभे राहिले. तिला मात्र अण्णांनी मालकाकडून प्लास्टिकचं स्टूल मागून आणून दिलं.

"चावी फिरवलीस त्याच्या आधी-नंतरच्या तीन गोळ्या," अण्णा इडली मोडत म्हणाले. "तिथंच गेलं सगळं. त्या तीन सरळ असत्या तर तू आज संघात होतीस."

"आणि फिरवली नसती तर? तशाच चोवीस मारल्या असत्या?"

"कुणी सांगावं."

"मी सांगते की. मान गेली असती. दहावी आले असते."

"आठवी," अण्णा म्हणाले. "दहावी नसतीस आली. मी शिकवलंय तुला." मग सांबारात बघत ते म्हणाले, "खांद्याचा भाग एकच रेघ का उतरवलास? दोन उतरवायला पाहिजे होता. मागनं दिसत होतं मला."

"मग ओरडायचं नाही का?"

"लेनवर बोलायला बंदी हाय. नियम हाय तो."

राजस दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "अण्णा, म्हणजे तुम्हाला पटला का तो नवा दस्ता?"

"मी कुठं म्हटलं पटला?" अण्णा तडकले. "स्क्रू ते स्क्रूच. बारा हैत. मी मोजलेत."

त्यांनी वाढप्याला हाक मारून तिच्यासाठी आणखी एक सेट डोसा सांगितला, सांबार स्वल्प जास्त घाल म्हणाले, आणि पुन्हा त्या तीन गोळ्यांवर आले. राजस मधे काहीतरी विचारत होता, अण्णा बोटानं टेबलावर रेघा ओढून त्याला दाखवत होते. शालनच्या डाव्या बरगडीखाली एक ढुशी बसली. तिनं कुणाला सांगितलं नाही. डोशाचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.